वऱ्हाडातील मेजवानी आणि बिअरची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मेजवानीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्या समाजातील जुना संकेत आहे. पाहुणा शेतातील जिन्नस, फळे किंवा मिठाई घेऊन जात असे. अमरावती आणि अकोला या शहरांतील मध्यमवर्गीय वर्तुळांत ३१ डिसेंबरची रात्र, धुळवड किंवा हिवाळ्यातील हुरडा पार्टी अशा प्रसंगी बिअरच्या बाटलीलाही आता या भेटवस्तूंत स्थान मिळाले आहे. कोणती बिअर न्यावी, सौम्य की स्ट्राँग, हा प्रश्न वरकरणी केवळ आवडीनिवडीचा वाटतो. तथापि, या निवडीमागे अबकारी धोरण, सामाजिक प्रतिष्ठा आणि सुधारणावादी चळवळ यांचा दीर्घ इतिहास आहे. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा आज सर्वत्र ऐकू येणारा समज याच इतिहासातून घडला. प्रस्तुत निबंधात त्या समजाची जडणघडण तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

मोह, होळी आणि सामूहिक पान

वऱ्हाडातील सणाच्या पेयाचा विचार मेळघाटापासून सुरू करणे उचित ठरते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजात होळी हा वर्षातील प्रमुख सण आहे. फगवा मागणे, नृत्य आणि मेघनाथाची यात्रा यांबरोबरच मोहाच्या दारूलाही या सणात स्थान आहे. मोहाची फुले याच सुमारास गळू लागतात. त्यामुळे सण, ऋतू आणि पेय यांचा मेळ स्वाभाविकपणे बसला. हे पेय देवाला अर्पण होई आणि नंतर सर्वांत वाटले जाई. पाहुण्याने पेय निवडून आणण्याचा प्रश्न या व्यवस्थेत फारसा उद्भवत नसे.

१८५३ च्या तहानुसार वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाखाली आले. वसाहतकालीन अबकारी पद्धतीने दारू गाळणे हा परवान्याचा आणि महसुलाचा विषय बनविला. घरी गाळलेली दारू गुन्ह्याच्या कक्षेत गेली आणि परवानाधारक दुकानातील दारू वैध ठरली. परिणामी सणाचे पेय विकत घेण्याची वस्तू झाली. आजच्या निवडीचा पाया या बदलात आहे, असे म्हणता येईल.

बाटलीबंद बिअरचे आगमन

बिअर भारतात आली ती प्रामुख्याने युरोपीय अधिकारी व सैनिक यांच्यासाठी. इंग्लंडमधील बर्टन येथील मद्यशाळांतून ती समुद्रमार्गे येत असे. पुढे एडवर्ड डायर यांनी १८५५ च्या सुमारास कसौली येथे मद्यशाळा उभारली आणि देशी उत्पादनास प्रारंभ झाला. वऱ्हाडात परतवाड्याची छावणी आणि चिखलदऱ्याचे थंड हवेचे ठिकाण ही युरोपीय वस्तीची प्रमुख स्थाने होती. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून पूर्ण झाला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि बाटल्यांसारखा जड व नाजूक माल आत आणणे सुलभ झाले.

या काळात पेयांची एक सामाजिक उतरंड तयार झाली. मोहाची दारू गावाची व श्रमिकाची, तर बाटलीबंद बिअर साहेबाची मानली गेली. सुशिक्षित मध्यमवर्गाने पुढे बिअरचा स्वीकार केला, त्यामागे चवीपेक्षा या प्रतिष्ठेचा वाटा अधिक असावा.

पंगतीतून उमटलेला नकार

या इतिहासाला दुसरी महत्त्वाची बाजू आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजींचे, म्हणजेच गाडगेबाबांचे, वडील झिंगराजी व्यसनामुळे अकाली मृत्यू पावले. डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढले. मुलीच्या बारशाला भावकीस मटण व दारू देण्याची रूढी त्यांनी मोडली आणि गोड जेवणाची पंगत घातली. हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे.

या प्रसंगाचे महत्त्व व्यसनमुक्तीपुरते मर्यादित नाही. पंगतीत काय वाढले जावे, हे रूढीने नव्हे तर यजमानाने विवेकाने ठरवावे, हा विचार त्यातून पुढे आला. यावलीत जन्मलेल्या आणि गुरुकुंज मोझरी येथे आश्रम स्थापन करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजनांतून व ‘ग्रामगीते’तून व्यसनविरोधाची हीच परंपरा पुढे नेली. अमरावती विद्यापीठाला आज गाडगेबाबांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या परिसरात या प्रश्नाची चर्चा होणे म्हणूनच प्रस्तुत ठरते.

दारूबंदीचा कायदा आणि बिअरचा वेगळा दर्जा

मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला आणि निवडक भागांत बंदी लागू करण्यात आली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या प्रदेशास लागू करण्यात आला. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होऊ लागली. १९७३ मध्ये देशी दारूविषयीचे नियम अस्तित्वात आले.

मूळ कायदा दारूबंदीचाच राहिल्यामुळे महाराष्ट्रात मद्यपानासाठी आजही परवाना अपेक्षित आहे. बिअरला मात्र या चौकटीत वेगळी वागणूक मिळाली. बिअर व वाइनच्या किरकोळ विक्रीसाठी स्वतंत्र अनुज्ञप्ती आहे. लोकभाषेत अशा दुकानास ‘बिअर शॉपी’ म्हणतात. सौम्य बिअर व वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, तर इतर मद्यांसाठी २५ वर्षे आहे. देशी दारूच्या दुकानात जाण्यास संकोचणारा मनुष्य बिअर शॉपीत सहज जातो. कायद्याने केलेला हा भेद समाजमनात नैतिक भेद म्हणून रुजला, असे दिसून येते.

आकड्यांची साक्ष

हा भेद कितपत वास्तव आहे? राज्यात सौम्य बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सौम्य बिअरमधून सुमारे ३२ मिलिलिटर, तर स्ट्राँग बिअरमधून सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क शरीरात जातो. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली अशा दोन पेगांच्या बरोबरीची आहे. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. मेजवानीहून स्वतः वाहन चालवीत परतणाऱ्या पाहुण्यास बिअर आणि दारू हा शाब्दिक भेद उपयोगी पडत नाही.

भूगोलही निवडीवर मर्यादा घालतो. अमरावती जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. अमरावतीत कायदेशीररीत्या घेतलेली बाटली पलीकडच्या मेजवानीस नेणे हा तेथे गुन्हा ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, वऱ्हाडात बिअरला मिळालेली प्रतिष्ठा तिच्या गुणधर्मांतून नव्हे, तर वसाहतकालीन उतरंड व परवाना पद्धतीतून आली. दुसरी, मोहाची दारू हीन आणि बिअर सभ्य ही विभागणी पेयांपेक्षा पिणाऱ्यांच्या वर्गाविषयी अधिक सांगते. तिसरी, ज्यास बिअर न्यावयाचीच आहे, त्याने नाममुद्रेपेक्षा बाटलीवरील मद्यार्काचे प्रमाण पाहावे आणि यजमानाची इच्छा आधी विचारावी. चौथी, न नेण्याची निवडही याच भूमीतील आहे. दापुऱ्याच्या पंगतीत दारूऐवजी गोड जेवण वाढले गेले तेव्हा आतिथ्यात काहीही उणे पडले नाही. हुरडा, रोडगे आणि वांग्याची भाजी यांवरही वऱ्हाडी मेजवानी आजवर पूर्ण होत आली आहे.