पहारेकरी आणि निरोप्या

रोगप्रतिकारशक्तीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण पहारेकऱ्यांपाशीच थांबतात. पेशीवर बसून जंतू ओळखणारे ‘टोल’ रिसेप्टर म्हणजे हे पहारेकरी. मला त्यांच्यामागे उभ्या असलेल्या निरोप्याविषयी लिहायचे आहे.

1989 मध्ये येल विद्यापीठातील चार्ल्स जेनवे यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. नुसते शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर फारसे जागे होत नाही. सोबत मेलेल्या जंतूंचा अंश असला की खडबडून उठते. असे का? जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे रिसेप्टर आपल्यात जन्मजात असावेत, असा त्यांचा तर्क होता. ताश्कंद म्हटले की आपल्याला शास्त्रीजी आठवतात. त्याच ताश्कंदचा रुस्लान मेझितोव हा तरुण मॉस्कोत शिकताना हा लेख वाचून भारावला आणि पुढे जेनवेंकडे येलला पोहोचला.

1996 मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की ‘टोल’ जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकत नाही. 1997 मध्ये मेझितोव आणि जेनवे यांनी माणसातला टोल पुढे आणला. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांत सिद्ध केले, की जंतूंच्या आवरणातले विष ओळखायला टीएलआर-4 हा रिसेप्टर लागतो.

पण चाहूल लागली दाराशी, आणि जनुके आहेत आत केंद्रकात. निरोप नेणार कोण?

ते काम ‘मायडी-88’ या अ‍ॅडाप्टर प्रथिनाचे. त्याचे एक टोक रिसेप्टरच्या आतल्या टोकात बसते. दुसऱ्या टोकाने ते ‘आयरॅक’ नावाची एन्झाइम्स जवळ ओढते. तिथून निरोप हातोहात ‘एनएफ-कप्पाबी’पर्यंत जातो आणि ते केंद्रकात शिरून संरक्षणाची जनुके चालू करते. मायडी-88 स्वतः जंतू ओळखत नाही, मारतही नाही; फक्त दोघांची गाठ घालून देते. ते 1990 मध्येच उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींत सापडले होते, पण त्याचे खरे काम कळायला आणखी सात-आठ वर्षे गेली. ओसाकात शिझुओ अकिरा यांच्या गटाने हे जनुक काढलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते त्या जंतुविषाच्या मोठ्या मात्रेलाही दाद देईनात. तरीही थोडा निरोप उशिराने पोहोचतच होता. त्या मागावर ‘ट्रिफ’ हा दुसरा निरोप्या सापडला.

2008 मध्ये मायडी-88 जन्मतः निकामी असलेल्या मुलांची नोंद झाली. त्यांचे पहारेकरी धडधाकट होते, तरी न्यूमोकोकससारख्या नेहमीच्या जंतूंचा संसर्ग त्यांच्या जिवावर बेतत होता. बहुतेक विषाणूंशी मात्र ती नीट झुंजत होती.

2011 चे नोबेल हॉफमन, बॉयटलर आणि वेगळ्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना मिळाले. जेनवे 2003 मध्येच वारले होते. मेझितोव यादीत नव्हते. अनेक शास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

माश्यांवरचे काम आणि माणसाचे शरीर यांची गाठ घालून देणाऱ्यांपैकी हे दोघे होते. ती गाठ घालणाऱ्यांची नावेही आपल्या मुलांना माहीत असावीत, असे मला वाटते.