रक्तदात्याचे 64 दिवस

1989 सालचा फेब्रुवारी. गोव्यातला डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदाता. आपल्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी होते, याची त्याला कल्पनाही नव्हती. तो बाधित निघाल्यावर पोलिसांनी बोलावून घेतलं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडलं.

गुन्हा? काहीच नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच बाधितांना अलग ठेवण्याची तरतूद होती. आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. तो 64 दिवसांनी सुटला. अशा बातम्या वाचून कोण आपणहून रक्त तपासायला जाईल?

खरं तर हा विषाणू वर्षानुवर्षं लक्षणांविना राहतो. चाचणीवाचून त्याचा पत्ता लागत नाही. भारतातही तो चाचणीतूनच सापडला: 1986 मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातले पहिले बाधित नमुने शोधले, तेही तपासणीसाठी वेल्लोरला नेऊन.

2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिलं. सरकारी केंद्रांत चाचणी मोफत होते. तरी ओळखीचं कुणी दिसेल या धास्तीने कितीतरी जण आपलं गाव टाळून दुसऱ्या तालुक्याची एसटी धरतात.