नेमोचा शत्रू कोण?

कॅप्टन नेमो जहाजे का बुडवतो? १८६९ साली नेमोचा निर्माता कादंबरीकार ज्यूल व्हर्न आणि त्याचा प्रकाशक एट्झेल यांच्यात या प्रश्नावरून पत्रांतून खडाजंगी झाली. ती पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतून दिसते की व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश सरदार होता. १८६३ चा पोलंडचा उठाव रशियाने चिरडला, त्यात याचे कुटुंब नष्ट झाले, म्हणून हा सूड. पण व्हर्नची पुस्तके रशियात खपत होती, आणि झारला दुखावणे एट्झेलला परवडणारे नव्हते. त्याने गुलामांच्या व्यापाऱ्यांना शत्रू करा असे सुचवले. व्हर्नने ते साफ नाकारले. शत्रूचे नाव सांगता येत नसेल तर ते मुळी सांगूच नये, असा मार्ग त्याने काढला आणि ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’चा नायक देशाविना राहिला.

तरी खुणा उरल्या. नेमोच्या खोलीत पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोश्चुश्को याचे चित्र आहे. सिलोनजवळच्या समुद्रात तो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि दडपलेल्या देशातल्या त्या माणसाला आपला म्हणतो.

‘मिस्टीरियस आयलंड’ (१८७४-७५) या पुढच्या कादंबरीत उलगडा होतो. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. युरोपात शिकून १८४९ मध्ये परतलेला आणि १८५७ च्या उठावात लढलेला. बुंदेलखंड म्हटले की मराठी वाचकाला झाशी आणि काल्पी आठवणारच. व्हर्नने मात्र त्याला टिपू सुलतानाचा भाचाही केले आहे. बुंदेल्यांच्या इतिहासात या नात्याला आधार नाही. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. इंग्रजांशी शेवटपर्यंत लढलेल्यांची नावे त्याने एका माळेत ओवली, असे मला वाटते. पुढे १८८० च्या एका कादंबरीत त्याने नानासाहेबांनाही आणले.

इथेही एट्झेलची लेखणी फिरलीच. हस्तलिखितात मरणाऱ्या नेमोचा शेवटचा शब्द ‘स्वातंत्र्य’ आहे, छापील प्रतीत ‘देव आणि मायभूमी’. किंग्स्टनच्या नावाने निघालेल्या इंग्रजी भाषांतरात तर १८५७ चा मजकूरच इंग्रजांना सोयीचा होईल असा फिरवला गेला.

२४ डिसेंबर १९१६ रोजी अमेरिकेत नेमोच्या कथेवरचा युनिव्हर्सलचा मूकपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक स्टुअर्ट पॅटन. पाण्याखालचे चित्रण अर्नेस्ट आणि जॉर्ज या विल्यमसन बंधूंचे. त्यांच्या दर्यावर्दी वडिलांनी लोखंडी कड्यांची एक लवचीक नळी तयार केली होती. तराफ्यावरून ती समुद्रात सोडायची. तळाशी मोठ्या काचेच्या खिडकीची कोठडी. कोठडीत हवा वरून नळीतूनच येई, म्हणून आत बसलेल्या माणसाला पाणबुड्याचा पोशाख लागत नसे. बहामाच्या नितळ पाण्यात, या खिडकीतून, प्रवाळ, शार्क आणि पाणबुडे कॅमेऱ्यात आले. त्यातला ऑक्टोपस बनावट आहे. समुद्र खरा आहे, आणि आजही पाहताना श्वास रोखला जातो.

पॅटनने दोन्ही कादंबऱ्यांची एकच कथा केली. त्यामुळे नेमो इथे उघडपणे हिंदी राजपुत्र आहे. ॲलन होलुबार या अमेरिकन नटाने चेहऱ्याला गडद रंग लावून, पांढरी दाढी चिकटवून ही भूमिका केली. मात्र पडद्यावरचा शत्रू आहे डेन्व्हर नावाचा एक व्यापारी. तो राजपुत्राच्या पत्नीवर हात टाकतो, ती प्राण देते, आणि हा तिची मुलगी पळवून नेतो. नेमोचा देश राहिला, वेश राहिला. लढाईचे कारण तेवढे बदलले. साम्राज्याविरुद्धचे वैर एका नराधमाच्या गुन्ह्यापुरते उरले. मुलगी भेटते तिथे वैरही संपते. मला या चित्रपटाचे मोल फार वाटते, म्हणूनच हा बदल सलतो. एट्झेलने शत्रूचे नाव गाळले होते. इथे ती जागा भलत्याच माणसाने भरली.

१९५४ च्या डिस्नेपटात जेम्स मेसनचा नेमो एका कैदी-छावणीतून सुटलेला आहे. त्याचा देश पुन्हा पुसला गेला. चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली आणि जगाच्या डोळ्यांपुढे हाच नेमो राहिला. १९१६ च्या मूकपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत निवड व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. त्याआधी, २००३ मध्ये, हॉलिवूडच्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्रॉर्डिनरी जंटलमेन’मध्ये नसीरुद्दीन शाह नेमो झाले. हा नेमो दिसण्या-वागण्यात पुरता हिंदी आहे, आणि तो सामील होतो ब्रिटिश साम्राज्याच्या नावाने बोलावलेल्या पथकात.