कातकऱ्यावरचा शिक्का

कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत 'कातकरी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला धंद्यावरून आलेला : काथ करणारा. दुसरा गावाने चिकटवलेला : चोर व दारुडा. पहिला आता इतिहासजमा झाला. दुसरा मात्र मिस्सेहून परतणाऱ्या भाविकांच्या तोंडीही आम्ही ऐकतो. तो आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे.

पाऊस सरला की ही कुटुंबे रानात उतरत. खैर तोडून त्याच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळीत, अर्क आटवून काथ करीत व तो विकून धान्य घेत. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ साली वारली व कातोडी या जमातींवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील कातोडी ते हेच. पुढे १८७८ चा वनकायदा आला. जंगल राखीव झाले आणि खैरावर कुऱ्हाड घालणे हा अपराध ठरला. माणूस तोच, झाड तेच. काल ज्याला धंदा म्हणत, त्याला आता चोरी म्हणू लागले. चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले (कर्जत त्या काळी ठाण्यात होते) आणि चोरी व मद्यपान ही कातकऱ्यांची ओळख म्हणून छापली गेली. त्याच खंडात वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचेही वर्णन आहे. ते वाचून, यात आपण सगळेच्या सगळे आलो, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय?

हा दोष केवळ साहेबाचा नव्हे. खुद्द कातकऱ्यांतही सोन कातकरी ढोर कातकऱ्याला हलका मानीत आला. कारण काय, तर तो गोमांस खातो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. दुसऱ्याविषयी संशय तीन कारणांनी येतो, असे ते म्हणतात : आपल्याच मनातले वाईट, त्या माणसाविषयीची अढी, किंवा दीर्घ अनुभव. 'आम्ही यांना वर्षानुवर्षे ओळखतो' असे म्हणणारा स्वतःला नेहमी तिसऱ्या वर्गात बसवतो. त्याचा मुक्काम बहुधा दुसऱ्यात असतो. जेथे खात्री नाही तेथे चांगलाच अर्थ घ्यावा, असा या संताचा निर्वाळा आहे. शिवाय जिवावर बेतलेल्या गरजेत अन्न उचलणाऱ्याला ते चोर म्हणत नाहीत. आमच्या काही बांधवांना हे जड जाईल, पण ही ख्रिस्तसभेच्या एका आचार्याची शिकवण आहे.

मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्याचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. त्याने सांगितलेले उपास व दशमांश खोटे होते, असे प्रभू येशू कोठेही म्हणत नाहीत. पण मागे उभ्या असलेल्या जकातदाराविषयी त्याला ठाऊक काय होते? त्याचा धंदा, एवढेच. पापनिवेदन ऐकताना धर्मगुरूसुद्धा न्याय करतो तो समोरच्याने स्वतःविषयी जे सांगितले त्याचा. शेजाऱ्याविषयी सांगू लागला तर त्याला थांबवावे लागते.

काथ गेल्यावर कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाची उचल घ्यायची आणि ती फेडायला सारे कुटुंब भट्टीवर न्यायचे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, उचल राहिली. शाळेच्या पटावरचा मुलगा सुगीनंतर दिसत नाही, तेव्हा 'यांना शिकायचेच नाही' असे आपण म्हणून मोकळे होतो. मुलगा त्या वेळी आईबापांबरोबर विटा वाहत असतो.

याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे, २५ सप्टेंबर १९३० रोजी लोक जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. कातकऱ्याचा खैर काढून घेणाऱ्या वनकायद्यांविरुद्धच हा सत्याग्रह होता. पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांत एक नाव आहे : नाग्या महादू कातकरी.