नेटलीचा फाटा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनच्या खाडीकाठी नेटली नावाचे गाव आहे. गावाच्या नेहमीच्या रेल्वे स्टेशनापासून एक फाटा निघून किनाऱ्याकडे उतरत असे. फाट्याच्या टोकाला एका लष्करी इस्पितळाच्या पाठीमागे एकच फलाट होता. हे स्टेशन सर्वसामान्य प्रवाशांसाठी नव्हतेच. तिथे येणारे बहुतेक जण स्ट्रेचरवर निजून येत आणि आपण कुठे उतरलो हे त्यांतल्या कित्येकांना कळतही नसे. १९०० मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनाने बोअर युद्धातले आणि दोन्ही महायुद्धांतले जखमी पाहिले.

स्टेशनाची गरज का पडली, हे इस्पितळाच्या बांधणीत दडलेले आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळ्यांपेक्षा रोगांनी अधिक मेले. त्यावरून ओरड झाल्यावर ब्रिटिश सरकारने मोठे लष्करी इस्पितळ उभारायचे ठरवले. १९ मे १८५६ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसली आणि १८६३ मध्ये रुग्ण येऊ लागले. इमारतीची लांबी १,४२४ फूट, म्हणजे पाव मैलाहून थोडी जास्तच, आणि खाटा सुमारे हजार. खाडीच्या बाजूला मजल्यामजल्यावर लांबच लांब व्हरांडे होते, रुग्णांच्या खोल्या मात्र पाठीमागच्या, उन्हाकडे पाठ फिरवलेल्या बाजूला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आराखडे पाहिले तेव्हा बांधकाम पुढे गेले होते. तिने हरकत घेतली आणि पंतप्रधान पामर्स्टन यांनाही तिचे म्हणणे पटले. ही इमारत रुग्णांपेक्षा खाडीतून जाणाऱ्या जहाजांवरच्या लोकांना दिसावी म्हणून बांधली जाते आहे, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. पण पायात पैसा ओतून झाला होता, तेव्हा आराखड्यात किरकोळ फेरफार झाले आणि काम चालू राहिले.

पाण्याकडे तोंड करून बसलेल्या या इस्पितळाला पाण्याचाही उपयोग धड झाला नाही. जहाज थेट दारात लागेल या हिशोबाने जागा निवडली होती. पुढे धक्काही बांधला, पण तो खोल पाण्यापर्यंत पोचलाच नाही. मोठी जहाजे साउथॅम्प्टनच्या गोदीतच लागत आणि तिथून आजाऱ्यांना लहान बोटींत उतरवून आणावे लागे. १८६६ मध्ये साउथॅम्प्टनहून नेटलीपर्यंत रेल्वे आली, तरी गावच्या स्टेशनापासून इस्पितळापर्यंत रस्त्याने गाडीतून हिसके खात जाणे होतेच. मांडी फुटलेल्या माणसाला हा शेवटचा तुकडा साऱ्या समुद्रप्रवासापेक्षा जड गेला असेल.

जवळजवळ चाळीस वर्षे हे असेच चालले. १८९९ च्या ऑक्टोबरात बोअर युद्ध पेटले. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या फौजा साउथॅम्प्टनहूनच निघत आणि जखमीही तिथेच परतत. तेव्हा कुठे हालचाल झाली, आणि १९०० च्या एप्रिलमध्ये जेमतेम मैलभराचा तो फाटा सुरू झाला. गोदीत जहाजावरून रुग्ण थेट गाडीत घ्यायचा आणि इस्पितळाच्या पाठीशी उतरवायचा, एवढेच त्याचे काम. अशा रीतीने दर्शनी तोंड पाण्याकडे राहिले आणि खरा दरवाजा मागच्या अंगाला गेला.

हिंदुस्थानशी नेटलीचा संबंध या फाट्याहून जुना आहे. लष्करी डॉक्टरांची शाळा १८६३ पासून १९०२ पर्यंत इथेच होती. इंडियन मेडिकल सर्व्हिससाठी लंडनच्या परीक्षेत निवडले गेलेले डॉक्टर काही महिने इथे शिकून मग जहाजावर चढत. १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच सर्व्हिसमधले. शेरलॉक होम्सच्या कथांतला डॉक्टर वॉटसनही नेटलीला शिकून मुंबईत उतरतो, तो उगाच नव्हे.

दुसरा धागा नाशिकजवळच्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. जहाजांचा हंगाम ठरलेला असे, त्यामुळे तो चुकला की महिनोन्महिने काम नाही, ऊन आणि दारू. त्यात काहींची डोकी फिरत. त्यावरून देवळालीचे ‘डुलाली’ झाले, त्याला आपला ‘ताप’ चिकटला, आणि वेड लागल्याला शिपायांच्या बोलीत ‘डुलाली टॅप’ म्हणू लागले. नेटलीच्या आवारात १८७० पासून ‘डी ब्लॉक’ नावाचे लष्करी मनोरुग्णालय होते. देवळालीत बिघडलेल्यांची वाट बहुधा तिथेच संपे.

पहिल्या महायुद्धात फाट्यावर खरी वर्दळ झाली. ऑगस्ट १९१४ मध्येच फ्रान्समधले जखमी येऊ लागले. मुख्य इमारत अपुरी पडली, म्हणून मागच्या मैदानात रेड क्रॉसने लाकडी झोपड्यांचे आणखी एक इस्पितळ उभारले. युद्धाच्या चार वर्षांत सुमारे ५०,००० रुग्ण इथे उपचार घेऊन गेले. तोफांच्या भडिमाराने हादरलेल्या, थरथरणाऱ्या शिपायांचे चित्रीकरण आर्थर हर्स्ट या डॉक्टरांनी १९१७ मध्ये सुरू केले, त्याचा काही भाग इथला आहे. त्याच वर्षी जूनमध्ये कवी विल्फ्रेड ओवेन याच आवारातल्या वेल्श इस्पितळात काही दिवस होता.

१९१४ च्या शरदात हिंदी पलटणींचे जखमीही नेटलीला आले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांनी ऑक्टोबरअखेर फ्रान्समधल्या नव्ह शापेलला जबर हानी सोसली, तो हाच काळ. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि त्यांनी हिंदी विद्यार्थ्यांचे शुश्रूषा पथक उभे केले होते. पथकावरच्या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांचा खटका उडालेला होता, आणि त्यातच नेटलीहून माणसांची मागणी आली. काही स्वयंसेवक गेले. गांधीजी स्वतः फुफ्फुसाच्या आवरणाच्या सुजेने अंथरुणाला खिळले होते. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी या भांडणावर एक प्रकरण लिहिले, छोटासा सत्याग्रह म्हणून. पुढे हिंदी जखमींची मुख्य सोय ब्रायटनला झाली आणि नेटलीतला त्यांचा वावर मागे पडला.

दोन युद्धांच्या मधल्या वीस वर्षांत सांगण्यासारखे फारसे नाही. १९४४ च्या आरंभी अमेरिकन आरमाराने इस्पितळ ताब्यात घेतले. ते आले आणि लांबलचक व्हरांड्यांत जीपगाड्या हाकू लागले, अशी गोष्ट नेटलीत अजून सांगतात. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि फाट्यावर पुन्हा गाड्या लागल्या. अमेरिकनांच्या काळात सुमारे ६८,००० जखमींवर इथे उपचार झाले, त्यांत जर्मन युद्धकैदीही पुष्कळ होते.

त्यानंतर उतरण सुरू झाली. एवढी अवाढव्य इमारत गरम ठेवणेही परवडेना. १९५० च्या दशकात फाटा बंद पडला आणि १९५८ मध्ये मुख्य इस्पितळाला टाळे लागले. १९६३ मध्ये आग लागली, १९६६ मध्ये पाडापाडी झाली. मधले घुमटाचे प्रार्थनामंदिर तेवढे राखले. पाडताना कोनशिलेखाली १८५६ ची तांब्याची पेटी निघाली. तिच्यात राणीने ठेवलेले एक व्हिक्टोरिया क्रॉस पदक होते. डी ब्लॉक त्यानंतरही १९७८ पर्यंत चालला.

फलाट असा राखण्याचे कोणाच्या मनात आले नाही. रूळ उपटले गेले आणि स्टेशन गेले. इस्पितळाच्या जागेवर १९८० मध्ये सार्वजनिक उद्यान झाले. मुलांना बसवून फिरवणारी सव्वादहा इंची रुळांवरची लहानशी आगगाडी तिथे आज धावते.