पाटी आणि पायली



कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या बचत गटाची बैठक गेल्या भादव्यात एका बहिणीच्या अंगणात होती. तिनं गटाकडं कर्ज मागितलं होतं. कारण लिहिलं होतं, मुलाची शाळेची फी. आमच्या कर्जाच्या वहीत बी-बियाणं, दवाखाना, शेळी ही कारणं पहिल्यापासून आहेत. आता फी हे कारणही नेहमीचं झालंय. त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

अंगणात वाघ्या घेवडा वाळत घातला होता. आपल्या तालुक्याचा हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. त्याच्या नावाला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालंय. ते पोरगं पुस्तक घेऊन शेजारीच बसलं होतं आणि चित्रावर बोट ठेवून 'किडनी बीन' असं पाठ करत होतं. कुणीतरी सहज विचारलं, "बाळा, हे समोर काय वाळत घातलंय?" पोरगं म्हणालं, "माहीत नाही."

बायका हसल्या. त्याची आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "शाळंत घातलं आन् पोरगं हातचं गेलं. आमाला कुनी शिकिवलं हुतं? बगून बगून शिकलो." त्यावर एक धाकटी सून हळूच म्हणाली, "आत्या, शिकला असता तर अंगठा उठवावा लागला नसता." अंगणात सगळ्या गप्प झाल्या.

शाळा लेकरांच्या शिकण्याला हात देते का आडवी येते? त्या दिवशी हा प्रश्न आमच्यात पडला तो पडलाच. मग आम्ही आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात थोडं डोकावून बघितलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी शाळा नसतानाचं बघू. आजी म्हणते ते खोटं नाही. पेरणी, मळणी, दळण, बाळंतपण, गुरांची दुखणी हे सगळं आपल्या आज्या-पणज्या बघून आणि करून शिकल्या. गावात पंतोजींची शाळा असायची. तिथं मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायला शिकायची आणि पाढे घोकायची. नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. सव्वा पायलीचे किती आणि अडीच शेराचे किती, हा हिशेब तोंडावर असायचा, कारण बाजारात तोच लागायचा.

पण त्या ओसरीवर बसायचं कुणी? मुलींनी नाही. महार-मांगांच्या लेकरांनी नाही. कुणब्याच्या पोरालाही गुरांमागं जायचं असायचं. घरी बघून शिकणं होतं, पण सुताराचं पोर सुतारकीच शिकायचं, चांभाराचं पोर चामडंच कमवायचं आणि पोरगी चूल शिकायची. बघून शिकणाऱ्याला जे बघायला मिळतं तेवढंच येतं. ज्यांच्या घरात कागद नव्हता, त्यांना कागद कसा वाचायचा हे घरात कोण शिकवणार?

हे ज्यांनी ओळखलं त्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण. आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली नायगावचा, तेही आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. सावित्रीबाई लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

पुढं १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढं फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारी खजिना रयतेच्या घामातून भरतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या लोकांच्या मुलांवर जातो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शाळेत काय शिकवावं तेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, त्याबरोबर शेतीचं ज्ञान, आरोग्य आणि नीती. मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि वेळ पडली तर त्यांना नांगर धरता यावा, सुताराचं हत्यार चालवता यावं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

बघा, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हा माणूस शाळाही मागत होता आणि शाळेत शिवारही मागत होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला तो २००९ च्या कायद्यानं, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. म्हणजे फुल्यांच्या मागणीनंतर १२८ वर्षांनी.

दुसरं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा, घराणं सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचं. ते स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकायला गावोगाव हिंडले, त्यात त्यांना खेडी आतून दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव मिळालं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, स्वयंपाक आपणच करायची, शेतात राबायची. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद झालं आणि 'कमवा व शिका' ही योजना त्यातूनच वाढली. पुढं संस्थेची मुलं दगड फोडून, रस्त्यावर आणि शेतात कामं करून कॉलेजपर्यंत शिकली.

या गोष्टीत एक बाई आहे, ती आपण विसरायची नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या लेकरांची आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने त्यांनी दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. फीसाठी कर्ज काढणाऱ्या आपल्यासारख्या बायांना त्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, काम तर आपली लेकरंही करायची, गुरं वळायची, मग फरक काय? फरक असा की गुरं वळणाऱ्या पोराची शाळा बुडायची. बोर्डिंगातल्या मुलाच्या घामाचा पैसा त्याच्याच शिकण्याला लागायचा. हाताला काम आणि डोळ्याला अक्षर, दोन्ही एकाच ठिकाणी होतं.

आज काय झालंय? शाळा दारात आली, पोरी शिकल्या, हे फार मोठं झालं. पण शाळेत शिवार यायचं राहून गेलं. आमच्यातल्या कित्येकींना लहानपणी वर्गात 'व्हय' आणि 'न्हाय' म्हटलं म्हणून छडी बसलेली आहे. घरचं बोलणं चुकीचं, घरचं काम हलकं, हे आम्ही पाढ्यांबरोबरच शिकलो.

हे फक्त आपल्याकडंच नाही. ब्राझील देशात रेसिफे नावाचं शहर आहे. तिथं बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांची अभ्यासकांनी पाहणी केली, ती १९८५ साली छापून आली. गिऱ्हाइकाशी बोलताना या मुलांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर यायची. तीच गणितं कागदावर मांडून दिली, तर बरोबर उत्तरं ३७ वर आली. मुलं ढ नव्हती. बाजारातलं गणित आणि शाळेतलं गणित यांची कुणी गाठच घालून दिली नव्हती.

आता परत त्या अंगणात येऊ. सगळ्या गप्प झाल्यावर आजी आपणच बोलायला लागली. काही वर्षांपूर्वी तिनं घरचा घेवडा पायलीनं मोजून, तोंडानं हिशेब करून एका व्यापाऱ्याला घातला होता. तिचा हिशेब बरोबर होता. व्यापाऱ्यानं पावतीवर वजन कमी लिहिलं. तिनं पावतीवर अंगठा उठवला. घरी मुलानं पावती वाचली तेव्हा कळलं. ती म्हणाली, "माज्या हिशेबात चूक नव्हती गं. पर कागूद माजा नव्हता."

या एका वाक्यात आम्हाला आमचं उत्तर मिळालं. पायली येत होती, पाटी येत नव्हती, म्हणून आजी बुडाली. नातवाला पाटी येते, पण पायली येत नाही. तो वेगळ्या तऱ्हेनं बुडेल. शाळा सोडून भागणार नाही. पण घरात जे येतं ते फेकून देऊन शिकवणारी शाळाही पुरी नाही.

कर्ज आम्ही मंजूर केलं. त्याला एक गोष्ट जोडली. दर बैठकीला गटातल्या एका घरचं पोर आमच्याजवळ बसतं आणि वहीतला हिशेब मोठ्यानं वाचतं. आजी तोंडी हिशेब करते, पोर कागदावर करतं, मग दोन्ही ताडून बघतो. चूक कधी कागदाची निघते, कधी आजीची. तो नातू आता घेवडा हातात घेऊन ओळखतो, आणि आजी आपलं नाव लिहिते. अजून वळणदार नाही, पण लिहिते.

तुम्हालाही हे करता येईल. शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया हव्यात. तिथं नुसती सही करून उठू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून शिकायचं. गुरुजींना विचारा, आमच्या शाळेत ते दहा दिवस कधी आहेत? आणि विचारा, त्या दिवशी आमच्यातली एखादी आजी शिकवायला आली तर चालेल का?

नांगर धरता येणारा मास्तर फुल्यांनी मागितला होता. आपल्या गावात तशी माणसं आहेत, बायाही आहेत. त्यांना शाळेच्या दारातून आत न्यायचं काम आपलं आहे.