तेलातले पाणी

साकीनाक्याच्या वडापावच्या गाडीवर कढईत वडा पडला की चर्र आवाज होतो. तो आवाज पाण्याचा. पिठातले पाणी वाफ होऊन उडते, पण जाता जाता तेलाचे काही रेणू फोडते आणि मोकळी मेदाम्ले मागे ठेवते. काळ्या पडलेल्या या तेलाचे करायचे काय, इथून आपला विषय सुरू होतो.

विषय जुना आहे. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. 1937 मध्ये ब्रुसेल्सच्या शाव्हान यांनी तेलाचे एस्टर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे असलेले तेल तळणीत वापरायला बंदी आली आणि उरलेल्या तेलाच्या बायोडिझेलची चर्चा वाढली.

कृती ऐकायला सोपी: दहा लिटर तेल, साधारण दोन लिटर मेथनॉल, थोडा कॉस्टिक सोडा, साठ अंशांच्या आसपास ऊब. वर एस्टर तरंगतात, खाली ग्लिसरीन बसते. पण कॉस्टिक हा खरा उत्प्रेरक नव्हे. तो मेथनॉलशी मिळून मिथॉक्साइड देतो आणि तेलाचा रेणू फोडतो तो हा मिथॉक्साइड. मेख अशी की 40 ग्रॅम कॉस्टिकचे पूर्ण रूपांतर झाले, तर सोबत 18 ग्रॅम पाणीही तयार होते. पाणी आले की साबण आला. साबण आला की थर सुटे होत नाहीत. म्हणूनच कारखाने सोडियम धातूपासून किंवा पाणी सतत काढून घेत केलेले कोरडे मिथॉक्साइड वापरतात. मुंबईच्या पावसाळ्यात कॉस्टिकची बरणी उघडी ठेवून पाहा, पांढरे फ्लेक्स बघता बघता घामेजतात.

हे प्रयोग स्वयंपाकघरात किंवा गाळ्याच्या पोटमाळ्यावर करायचे नाहीत. मेथनॉल किती घातक, ते मालाडच्या मालवणीने 2015 मध्ये मेथनॉलमिश्रित विषारी दारूपायी शंभराहून अधिक जीव गमावून पाहिले. बंद जागेतली आग काय करते, ते 2017च्या डिसेंबरमध्ये साकीनाक्याच्याच खैरानी रोडवर दिसले. फरसाणाच्या दुकानातल्या आगीत 12 जण गेले. सोडियम मेथनॉलमध्ये पडला की हायड्रोजन सुटतो. ते काम प्रशिक्षित हातांचे, हवेशीर प्रयोगशाळेतले.

बारावीचे रसायनशास्त्र आठवत असेल तर पुढचे सारे समजेल. पहिल्या प्रकरणात मेथनॉल नाही, मिथॉक्साइडही नाही. फक्त तेल कोरडे करणे आहे. घाईत असलात तरी ते वगळू नका.